व्हॅम्पायर मालिका कुठल्या क्रमाने वाचायच्या आणि कुठे थांबायचं?

सांजसावली

व्हॅम्पायर, वेअरवुल्फ, चेटकिणी अशा मालिका वाचायला घ्यायच्या आहेत. वाचणारे दोघं. एक चौदा वर्षांची मुलगी, दुसरं मोठं माणूस. दोघांच्या याद्या वेगळ्या लागणार हे कळतंय, पण तीन ठिकाणी घोडं अडलंय.

१. मालिकांच्या याद्यांमध्ये ०.५, ३.५ असे आकडे दिसतात. ती पुस्तकं कधी वाचायची? की सोडूनच द्यायची?

२. मुखपृष्ठं सगळी एकाच साच्यातली: काळी पार्श्वभूमी, लाल अक्षरं. त्यावरून वयाचा काही पत्ता लागत नाही.

३. काही मालिका बारा-पंधरा पुस्तकांच्या आहेत. शेवटपर्यंत जायलाच हवं का?

कृपया रहस्यं फोडू नका.

---

पानखूण

अर्ध्या आकड्यांपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. हा आकडा कथेतल्या काळाचा असतो. वाचायच्या क्रमाशी त्याचा संबंध असेलच असं नाही. ०.५ म्हणजे गोष्ट पहिल्या पुस्तकाच्या आधी घडते, एवढाच त्याचा अर्थ.

मग ते आधी वाचायचं की नंतर? त्यासाठी प्रकाशनाचं साल बघा. अर्ध्या आकड्याचं पुस्तक १ क्रमांकाच्या आधी आलेलं असेल तर आधी वाचा. नंतर आलेलं असेल तर त्या वेळेपर्यंत छापलेली सगळी पुस्तकं संपवून मग घ्या. कारण साधं आहे. नंतर लिहिलेल्या पूर्वकथेत लेखक गृहीत धरतो की वाचकाला पुढचं सगळं ठाऊक आहे, आणि तो बिनधास्त गुपितं सांगत सुटतो.

दोन्ही बाजूंचं एकेक उदाहरण देतो. पॅट्रिशिया ब्रिग्जची 'अल्फा अँड ओमेगा' ही मालिका 'क्राय वुल्फ' (२००८) पासून मोजतात. पण नायक-नायिकेची भेट होते ती 'अल्फा अँड ओमेगा' याच नावाच्या लघुकादंबरीत, आणि ती २००७ साली एका संग्रहात आली होती. ती न वाचता 'क्राय वुल्फ' उघडलं की ही माणसं कोण, कालपर्यंत काय झालं, काहीच उमजत नाही. हे ०.५ सक्तीचं समजा.

उलट डॅरेन शानची 'सर्क द्यू फ्रीक' बघा. मूळ १२ पुस्तकं २००० ते २००४ मधली. त्यातल्या लार्टन क्रेप्स्ली या व्हॅम्पायरच्या तरुणपणाची ४ पुस्तकं २०१० ते २०१२ मधली. कथेच्या काळानुसार ती आधी येतात, पण आधी वाचलीत तर मूळ मालिकेतले बरेचसे धक्के फुकट जातील.

'ट्वायलाइट'लाही हाच नियम लावा. मुख्य चार पुस्तकं २००५ ते २००८ दरवर्षी एक अशी आली: 'ट्वायलाइट', 'न्यू मून', 'इक्लिप्स', 'ब्रेकिंग डॉन'. 'इक्लिप्स'मधल्या ब्री टॅनर या पात्रावरची लघुकादंबरी २०१० ची, म्हणजे ती चौथ्यानंतर. 'मिडनाइट सन' २०२० चं. त्यात पहिल्याच पुस्तकाची गोष्ट नायक एडवर्डच्या डोक्यातून सांगितली आहे आणि ते सहाशेहून जास्त पानांचं आहे. पहिल्यानंतर लगेच घेतलं तर तेच प्रसंग पुन्हा वाचावे लागतात, आणि वाचक बहुतेक तिथेच गळतो. २०१५ चं 'लाइफ अँड डेथ' म्हणजे तीच कथा, स्त्री-पुरुष पात्रांची अदलाबदल करून. नाही वाचलं तरी काही बिघडत नाही.

---

तळटीप

पानखूण यांचा सालाचा नियम चोख आहे. एक छोटी सूट मात्र द्यायला हवी. ब्री टॅनरचं पुस्तक 'इक्लिप्स'नंतर लगेच वाचलं तरी चालतं. त्यात 'इक्लिप्स'च्या शेवटाकडचीच घटना दुसऱ्या बाजूने दिसते आणि तपशील ताजे असले की मजा जास्त येते.

आता वयाचं. मुखपृष्ठ सोडून द्या, नायिकेचं वय बघा. पण तेवढ्यावरही विसंबू नका, 'हाउस ऑफ नाइट' तिथेच फसवतं. नायिका सोळा वर्षांची, पार्श्वभूमी शाळेची, म्हणून ते तेरा-चौदाच्या मुलांच्या हातात जातं. प्रत्यक्षात पहिल्याच पुस्तकात लैंगिक प्रसंग आणि शिवराळ भाषा आहे. सोळाच्या आधी मी ते सुचवणार नाही. शिवाय मालिका १२ पुस्तकांची (२००७ ते २०१४), आणि मधल्या भागात कथा जागच्या जागी फिरत राहते.

चौदाव्या वर्षी 'व्हॅम्पायर अकॅडमी' चांगली. रिशेल मीडची ६ पुस्तकं, २००७ ते २०१०. मारामारीचं प्रशिक्षण, दोन मैत्रिणींचं नातं आणि तीन प्रकारची मंडळी: जिवंत, जादू येणारे मोरॉय, मेलेले, क्रूर स्ट्रिगॉय, आणि मोरॉयचं रक्षण करणारे अर्धरक्ताचे धाम्पीर. पहिल्या पुस्तकात एक पात्र स्वतःला इजा करून घेतं, ते मोठ्यांना आधी ठाऊक असावं. तिसऱ्या 'शॅडो किस'चा शेवट जिव्हारी लागणारा आहे, तेव्हा चौथं हाताशी ठेवूनच तिसरं सुरू करा.

तसंच रेचल केनच्या 'मॉर्गनव्हिल व्हॅम्पायर्स'चं. १५ पुस्तकं, २००६ ते २०१३. पहिलं, 'ग्लास हाउसेस', ऐन मोक्याच्या क्षणी संपतं. दुसरं जवळ नसेल तर पहिलं उघडूच नये. एरवी पुस्तकं आटोपशीर आहेत, प्रेमप्रकरणापेक्षा गाव आणि त्याचे नियम यांवर भर आहे, त्यामुळे प्रेमकथांचा कंटाळा असलेल्यांनाही चालतात.

'सर्क द्यू फ्रीक' अकरा-बारापासून चालेल. प्रेम नावापुरतं, रक्त आणि मृत्यू मात्र भरपूर. 'ट्वायलाइट'ची पहिली तीन तेरापासून ठीक. 'ब्रेकिंग डॉन'मधला बाळंतपणाचा प्रसंग बराच रक्ताळ आहे, तेव्हा चौथं थोडं थांबून.

---

घुबड

मोठ्यांच्या यादीवर लिहितो, आणि 'पहिल्यापासूनच सुरू करा' या सल्ल्याला थोडा विरोधही करतो.

मोठ्यांच्या पॅरानॉर्मल मालिकांमध्ये पहिलं पुस्तक बऱ्याचदा सगळ्यात कच्चं असतं. जिम बुचरच्या 'ड्रेस्डेन फाइल्स'ची पहिली दोन ('स्टॉर्म फ्रंट' २००० चं, दुसरं २००१ चं) सरधोपट गुप्तहेरकथा आहेत. व्हॅम्पायरांच्या दरबारांचं राजकारण खऱ्या अर्थाने तिसऱ्या 'ग्रेव्ह पेरिल'पासून सुरू होतं आणि पुढच्या दहाएक पुस्तकांचा कणा तिथे आहे. पहिलं अर्ध्यात सुटत असेल तर सरळ तिसऱ्यावर जा. २०२० मध्ये आलेली 'पीस टॉक्स' आणि 'बॅटल ग्राउंड' मात्र एकच पुस्तक समजून सलग वाचा. पहिल्याचा शेवट शेवट नाहीच, नुसता मध्यंतर आहे.

इलोना अँड्र्यूजची 'केट डॅनियल्स'ही तशीच. १० पुस्तकं, 'मॅजिक बाइट्स' (२००७) ते 'मॅजिक ट्रायम्फ्स' (२०१८). पहिल्यात जगाची माहिती एकदम अंगावर येते. तिसऱ्या 'मॅजिक स्ट्राइक्स'ला गाडी रुळावर येते. इथले व्हॅम्पायर देखणे वगैरे नाहीत. बुद्धी नसलेली प्रेतं, दुसराच माणूस दूरवरून त्यांना चालवतो. गोड व्हॅम्पायरांचा वीट आला असेल तर उतारा म्हणून घ्या.

कुठे थांबायचं याचं ठळक उदाहरण लॉरेल हॅमिल्टनची 'अनिता ब्लेक'. 'गिल्टी प्लेझर्स' १९९३ चं. नवव्या 'ऑब्सिडियन बटरफ्लाय'पर्यंत (२०००) तपास, खून, मुडदे उठवणं हाच गाभा आहे. दहाव्या 'नार्सिसस इन चेन्स'पासून (२००१) मालिका उघडउघड शृंगारिक होते आणि तपास मागे पडतो. कुणाला तेच हवं असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण तपासासाठी वाचणाऱ्याने नवव्याला खुशाल हात जोडावेत. दहावं ढकलत वाचून 'पुढे सुधारेल' या आशेवर राहू नये.

शार्लेन हॅरिसची सूकी स्टॅकहाउस मालिका १३ कादंबऱ्यांची, २००१ ते २०१३. मुखपृष्ठावर चिमुकली रंगीत चित्रं होती, मुलांच्या पुस्तकासारखी. आत खून, लैंगिक प्रसंग आणि नायिकेच्या बालपणातल्या अत्याचाराचा उल्लेख. पूर्णपणे मोठ्यांसाठी. हिच्यातला खड्डा सहाव्या पुस्तकापाशी आहे. 'डेफिनिटली डेड' (२००६) उघडलं की मधलं एक पुस्तक सुटलं की काय असं वाटतं. पुस्तक सुटलेलं नसतं, कथा सुटलेली असते: 'वन वर्ड आन्सर' (२००५). 'अ टच ऑफ डेड' या संग्रहात ती मिळते. पाचवं झालं की तेवढी कथा वाचा, मग सहावं.

आणि एक सावधगिरी. पॅट्रिशिया ब्रिग्जच्या 'मर्सी थॉम्प्सन' मालिकेत तिसऱ्या 'आयर्न किस्ड'च्या शेवटाकडे बलात्काराचा प्रसंग आहे. पहिली दोन वाचून अंदाज येत नाही, म्हणून सांगितलं.

---

सांजसावली

भरपूर मिळालं, आभार. दोन शंका. 'व्हॅम्पायर अकॅडमी'च्या पुढे 'ब्लडलाइन्स' दिसतं, ते स्वतंत्रपणे वाचता येईल का? आणि 'व्हॅम्पायर डायरीज'ची यादी उघडली की चक्रावायला होतं, एकाच नावाखाली तीन-चार मालिका आहेत. पडद्यावरची बघून झाली असेल तर पुस्तकं मधूनच धरता येतील का?

---

पानखूण

'ब्लडलाइन्स' (६ पुस्तकं, २०११ ते २०१५) स्वतंत्र आहे असं म्हणतात, पण तसं वाचू नका. त्याच्या पहिल्याच पानांमध्ये आधीच्या मालिकेचा शेवट, म्हणजे गादीवर कोण बसलं, हे गृहीत धरलंय. मागच्या मुखपृष्ठावरचा मजकूरसुद्धा वाचू नये. हे सगळ्याच मालिकांना लागू आहे: चौथ्याचा मागचा मजकूर तिसऱ्याचा शेवट सांगतो.

'व्हॅम्पायर डायरीज'चं असं आहे. एल. जे. स्मिथची मूळ चार: 'द अवेकनिंग', 'द स्ट्रगल', 'द फ्युरी', 'डार्क रियुनियन'. १९९१-९२ मधली. खरं तर तीनच ठरली होती, चौथं नंतर जोडलं. मग बरीच वर्षं काही नाही, आणि २००९ ते २०११ मध्ये 'द रिटर्न'ची तीन. त्यानंतरच्या 'द हंटर्स' आणि 'द साल्व्हेशन' यांच्यावर मालिका तिची असल्याचा उल्लेख असतो, पण लिहिणारे हात दुसरे. 'स्टेफन्स डायरीज' तर पुस्तकांना धरून नाहीतच, ती पडद्यावरच्या कथेला जोडलेली आहेत. तुमच्यासाठी मूळ चार पुरे.

मधून धरणं जमणार नाही. पुस्तकातली नायिका एलेना सोनेरी केसांची आहे, तिला भाऊ नाही, चार वर्षांची बहीण आहे. पडद्यावरचं डोक्यात ठेवून दुसऱ्या पुस्तकात शिरलात तर कोण कुणाचं याचाच हिशेब लावत बसाल.

आणखी एक, विकत घेताना. ही चार पुस्तकं दोन-दोनच्या जोडखंडातही मिळतात. जोडखंड क्रमांक २ म्हणजे पुस्तक ३ आणि ४. दुसरं समजून तो उचलला की आख्खं 'द स्ट्रगल' हुकतं. याच लेखिकेच्या 'नाइट वर्ल्ड'चे तीन-तीनचे खंड आहेत, तिथेही तीच गफलत होते. ९ पुस्तकं १९९६ ते १९९८ मध्ये आली. सुरुवातीची सुटी वाचता येतात. शेवटच्या तिनांत एक मोठं सामाईक कथानक सुरू होतं आणि दहावं पुस्तक कधी आलंच नाही, त्यामुळे ते अर्धवट राहतं. अपूर्ण मालिकेचा राग येत असेल तर सहाव्याला थांबा.

---

तळटीप

कॅसांड्रा क्लेअरची मालिका कुणीच काढली नाही, म्हणून थोडक्यात. व्हॅम्पायर तिथे बाजूला आहेत, पण चौदा-पंधराच्या वाचकांमध्ये ती हटकून येते. 'मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स' ६ (२००७ ते २०१४) आणि 'इन्फर्नल डिव्हायसेस' ३ (२०१० ते २०१३). दुसरीचा काळ एकोणिसाव्या शतकातला, म्हणून कुणी तीच आधी घेतं. सोपा मार्ग: पहिलीची तीन, मग दुसरीची तिन्ही, मग पहिलीची उरलेली तीन. सहाव्याआधी ती तीन झालेली हवीतच, नाहीतर शेवटच्या पानांचा अर्थ निम्मा लागतो. पहिलीचं तिसरं पुस्तक संपतं तिथे कथा नीट मिटते, म्हणून दम घ्यायला ती जागा बरी.

---

घुबड

दोन-तीन मालिका एकदम चालू असतील तर पुस्तकात एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर पाच गोष्टी: उन्हाने काय होतं, बोलावल्याशिवाय घरात येता येतं का, कशाने मरतो, रक्त कुठून मिळवतो, माणसाचा व्हॅम्पायर कसा होतो. प्रत्येक लेखकाचं उत्तर वेगळं आणि कथेतले पेच त्यावरच उभे असतात. 'ट्वायलाइट'मध्ये उन्हात कातडी चमकते. सूकीच्या जगात ऊन म्हणजे मरण, आणि दिलेलं आमंत्रण मागे घेतलं की व्हॅम्पायरला निमूट घराबाहेर पडावं लागतं. गंमत म्हणजे ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला (१८९७) दिवसाढवळ्या हिंडतो, फक्त त्याची शक्ती कमी झालेली असते. ऊन लागून मरणं १९२२ च्या 'नोस्फेराटू' या मूकपटातून आलंय. तेव्हा 'हे चुकीचं आहे, व्हॅम्पायर असे नसतात' म्हणून पुस्तक मिटू नका.

ॲन राइसबद्दलही तेच. 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' १९७६ चं, 'द व्हॅम्पायर लेस्टाट' १९८५ चं. पहिल्यात एकाने सांगितलेल्या गोष्टी दुसऱ्यात दुसराच खोडून काढतो. ती लेखिकेची चूक नव्हे, दोन निवेदकांचं भांडण आहे. तिसरं 'द क्वीन ऑफ द डॅम्ड' (१९८८) धरून ही तीन एक संच समजा. पुढे 'ब्लॅकवुड फार्म' आणि 'ब्लड कँटिकल' वाचायची असतील तर आधी 'द विचिंग आवर'पासूनची मेफेअर चेटकिणींची तीन हवीत. ती जाडजूड आहेत. तेवढा दम नसेल तर तिसऱ्यावरून थेट २०१४ च्या 'प्रिन्स लेस्टाट'वर उडी मारा. अधूनमधून एखादा संदर्भ अडेल, पण वाचता येतं.

---

सांजसावली

ठरलं. मुलीसाठी 'व्हॅम्पायर अकॅडमी', तिसरं आणि चौथं एकदम आणून. मोठ्यासाठी सूकी, आणि सहाव्याच्या आधी 'वन वर्ड आन्सर'. चिठ्ठी दोघांच्याही पुस्तकात.