ऑपरेशननंतर वजन पुन्हा वाढलं, तर दोष खाणाऱ्याचाच का?

रानवाट:
माझ्या धाकट्या जावेची स्लीव्ह सर्जरी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करायचं ऑपरेशन, होऊन चार वर्षं झाली. पहिल्या दीड वर्षात वजन भराभर उतरलं, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या. गेल्या वर्षापासून काटा परत वर सरकतोय. उतरलेल्यातलं साधारण पाव वजन परत आलंय. आता प्रत्येक सणाला तिच्या ताटावर नजरा असतात आणि कुणीतरी बोलतंच, ‘एवढे लाख घातले, पण जीभ काही आवरली नाही.’

मला हे सरळसरळ अन्यायाचं वाटतं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला एक मोठा अभ्यास आहे, एसओएस नावाचा. त्यात पोटाचं बायपास (जठर लहान करून आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळायचं ऑपरेशन) झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे थोडं वजन परत येणं हा नेहमीचा प्रवास आहे. ऑपरेशनआधी हे घरच्यांना कुणी सांगतच नाही. आधी-नंतरचे फोटो मात्र दाखवतात. शरीर जे करतं त्याचा गुन्हा एकट्या बाईवर का?

घाटमाथा:
ताई, तळमळ कळते, पण मी असहमत आहे. माझं स्वतःचं बायपास झालंय. सरासरी दाखवून खाण्याचा प्रश्न बाजूला ठेवू नका. आमच्या रुग्णगटात ज्यांचं वजन परत वाढलं, त्यांतले बहुतेकजण दोन वेळच्या जेवणात कमीच खातात. वाढतं ते मधल्या वेळेत. चहात बुडवलेलं बिस्किट, वाटीभर फरसाण, आइस्क्रीम, सरबत. लहान झालेलं पोट भाकरी अडवतं, हे पदार्थ अडवत नाही. ते सरकत खाली जातात, पोट भरल्याचं कळतच नाही आणि तासाभरानं हात पुन्हा डब्यात. ‘शरीरच असं आहे’ म्हटलं की माणूस हा हिशेब बघायचंच सोडतो, याची मला भीती वाटते.

पथ्यपाणी:
मी आहारतज्ज्ञ आहे, असे रुग्ण रोज बघते. घाटमाथांनी सांगितलेलं खाणं खरं आहे, पण त्यामागचं कारण हावरटपणा नसतो. कोरडी पोळी किंवा चिकनचा तुकडा नीट चावला गेला नाही तर छातीत अडकल्यासारखं होतं, उलटी होते. दोन-तीनदा असं झालं की माणूस धास्तावतो आणि मऊ, विरघळणाऱ्या पदार्थांकडे वळतो. तेच पुढे अंगवळणी पडतं.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या वरच्या भागात तयार होतं, म्हणून पहिलं वर्ष भूकच फारशी लागत नाही. सवयी बदलायला तो काळ सोन्यासारखा असतो आणि नेमका तेव्हाच ‘आता सगळं छान आहे’ म्हणून आमच्याकडे येणं थांबतं. शिवाय बायपासनंतर गोड खाल्लं तर अनेकांना धडधड, घाम, पोटात कळा असा त्रास होतो. स्लीव्हवाल्यांना हा धाक त्यामानानं कमी असतो.

सातपुडा:
मुळात पोट कापायचंच कशाला? रोज चाला, दोनदा जेवा. आमच्या आजोबांच्या पिढीला कुठं लागली ऑपरेशनं?

रानवाट:
सातपुडा, चाललेलं चांगलंच, पण हे ऑपरेशन चार किलो सुटलेल्या पोटासाठी नसतं. विम्याच्या नियमांतसुद्धा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४० लागतो, किंवा ३५ आणि जोडीला गंभीर आजार. मी सांगितलेल्या स्वीडनच्या अभ्यासात ऑपरेशन न केलेला गटही होता. त्यांचं सरासरी वजन १५ वर्षं जवळपास होतं तिथेच राहिलं. ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूही कमी झाले. २०१६ साली अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांची तपासणी झाली होती. सहा वर्षांनंतरही त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. हे सगळे घाम गाळूनच बारीक झाले होते.

ओसरी:
घाटमाथा, एक विचारते. तुमचं जेवण कोण बनवतं?

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं घ्या असं सांगतात. शाकाहारी घरात, इवल्याशा पोटात, ती कशी बसवायची? त्यात संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आणि वर दाण्याचा कूट. सुनेनं स्वतःपुरतं पनीर परतलं तर ‘हिचे वेगळे लाड’. जेवायला बसते सगळ्यात शेवटी, तेही घाईघाईत. ‘हळू चावा, जेवताना पाणी पिऊ नका, नंतर अर्धा तास थांबा’ हे ज्याच्यासमोर कुणीतरी ताट वाढून ठेवतं त्याला जमतं. सवय बदलायची तर आधी सगळ्यांची स्वयंपाकघरं बदलायला लागतील.

घाटमाथा:
ओसरीताई, माझ्याकडे बायको करते आणि त्यामुळे मला सोपं गेलं, हे खरंच. पण म्हणून माझं म्हणणं बदलत नाही. घर बदलेपर्यंत थांबलो तर वजन थांबणार नाही. दोन अंडी, वाटीभर घट्ट दही, मुगाचं धिरडं याला कुणाची परवानगी लागू नये. लागत असेल तर ते भांडण ऑपरेशनच्या आधीच करायला हवं, सर्जनसमोर नवऱ्याला आणि सासूला बसवून.

सातपुडा:
आता आठवड्याला टोचायची इंजेक्शनं आली आहेत ना? ती घेतली की झालं.

पथ्यपाणी:
मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं २०२५ पासून भारतात मिळतात आणि ऑपरेशननंतर वजन वाढलेल्यांनाही डॉक्टर अशी औषधं देतात. पण स्वतःच्या मनानं घ्यायची गोष्ट नाही ती. आधी शोधायचं असतं. पोटाची पिशवी ताणली गेली आहे का, थायरॉइड कसा आहे, स्टेरॉइड किंवा वजन वाढवणारं दुसरं औषध चालू आहे का, दारू वाढली आहे का. रानवाट ताई, बी१२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम हे दर वर्षी तपासायचं असतं. जाऊबाईंचं शेवटचं कधी झालं? अशक्तपणा असेल तर चालायला जायचं त्राणच राहत नाही.

रानवाट:
दोन वर्षं झाली असतील. या आठवड्यात करून घेते. हा धागा तिला विचारूनच काढलाय, तीही वाचतेय.

नवीन सदस्य:
मीच ती जाऊ. दिवसभर माझं ठीक असतं. रात्री सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर ओट्याशी उभ्यानं खाते. उरलेला भात, पोरांनी टाकलेला पराठ्याचा तुकडा, मग चिवडा. भूक नसते. या वेळेचं कुणी काय केलं असेल तर तेवढं सांगा.

घाटमाथा:
मी उभ्यानं काहीच खात नाही, पाणीसुद्धा बसून पितो. जेवल्यावर लगेच दात घासतो. उरलंसुरलं काढून ठेवायचं काम आमच्याकडे मुलाकडे आहे. तुमच्या घरात ते नवऱ्याला किंवा दिरांना सांगा. आणि तुम्ही पोळ्या लाटत बसू नका, पहिल्या पंगतीला सगळ्यांबरोबर जेवायला बसा. आमच्या गटातल्या दोघी-तिघींना याचा सगळ्यात जास्त उपयोग झालाय.