देशादेशांतली विषमता की असमानता?

गोदाकाठ : नाशिकला आमचा एक वाचनगट आहे. पुढच्या बैठकीसाठी श्रीमंत आणि गरीब देशांमधल्या आर्थिक अंतरावर टिपण लिहितेय. मी सगळीकडे 'विषमता' लिहिलं होतं, गटातल्या एका ज्येष्ठांनी ते खोडून 'असमानता' केलं. त्यांच्या मते विषमता माणसामाणसांत असते, देशांत नव्हे. हे बरोबर आहे का? आणि 'दरी' म्हणू की 'तफावत'?

मोडीवाचक : 'असमानता' हिंदीच्या वळणाची वाटते. मराठीत विषमताच. त्यात माणूस आणि देश असा भेद मी तरी वाचलेला नाही.

पंचवटीकर : आमचे आजोबा सांगायचे, समाजात विष कालवते ती विषमता.

मोडीवाचक : आजोबांची भावना खरी, व्युत्पत्ती नाही. वि + सम, 'स'चा 'ष' झाला. सु + सम वरून 'सुषमा' होते तसंच.

पंचवटीकर : व्युत्पत्ती राहू द्या. 1930 साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्या गावात झाला, तिथे 'विषमता' म्हटलं की कुणीतरी कुणाला तरी बाहेर ठेवलंय हे लगेच कळतं. 'असमानता' म्हणजे नुसतं मोजमाप. देशांच्या बाबतीतही बाहेर ठेवणं आहेच. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना 85 टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे साधारण साडेसोळा टक्के आहेत. म्हणजे तिच्या मनात नसेल तर निर्णय होतच नाही.

थॉमसनवाला : 'दरी' अजिबात नको. दरी कुणी खणत नाही, ती असतेच. मी निफाडचा, द्राक्षं एक्स्पोर्टला देतो. 2010 ला युरोपात आपल्या मालात क्लोरमेक्वाट, म्हणजे वेलीची वाढ आवरणारं रसायन, सापडलं आणि कंटेनर अडकले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तोवर ते नव्हतंच. पॅकहाऊसचे फोन बंद, आणि बागेत माल तयार. फळात रसायनाचा अंश नको हे मलाही पटतं, माझी मुलंही तीच द्राक्षं खातात. पण मर्यादा ठरली तिथे आमचं कुणी नव्हतं, आणि तोटा मात्र पूर्ण आमचा. ऐपत असलेला देश नियम करतो, बाकीचे पाळतात. याला 'तफावत'सुद्धा कमीच पडतं. तफावत आम्ही वजनकाट्यात म्हणतो.

मोडीवाचक : शिवाय तफावत अरबीतून आलेला.

थॉमसनवाला : दादा, शेतकऱ्याच्या तोंडी पिढ्यानपिढ्या असलेला शब्द परका कसा? भगूर आमच्या जिल्ह्यातच आहे. सावरकरांनी दिलेले 'महापौर', 'दिनांक' आम्ही आनंदाने वापरतो, पण म्हणून तफावत, हिशेब, बाकी हे टाकून देणार नाही.

सिन्नरची लेक : मला वेगळी शंका आहे. अंतर महत्त्वाचं की गरिबी? गरीब देश वर येत असतील तर श्रीमंत आणखी श्रीमंत झाले म्हणून काय बिघडलं? मग शब्द 'दारिद्र्य' हवा.

गोदाकाठ : ताई, माझं टिपण नेमकं तिथेच आहे. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की कोविडच्या लसी-औषधांवरचे पेटंटहक्क तात्पुरते बाजूला ठेवा. श्रीमंत देशांनी आधीच गरजेपेक्षा जास्त लसी आरक्षित केल्या होत्या. तेव्हा आफ्रिकेतल्या नर्सला लस मिळाली नाही, ती तिचा देश गरीब होता एवढ्यामुळेच नाही. दुसऱ्याकडे इतकं होतं की तो तिच्या आधी सगळं उचलू शकला. हे 'दारिद्र्य' या शब्दात बसत नाही.

सिन्नरची लेक : लसीपुरतं पटलं. सगळीकडे लागू होईल असं वाटत नाही.

पंचवटीकर : एकाची श्रीमंती दुसऱ्याला भोवते हे दादाभाई नौरोजींनीही मांडलं होतं, भारतातला पैसा इंग्लंडला जातो म्हणून. स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकांत त्याला 'आर्थिक निःसारण' म्हणतात. मला तो शब्द फार खटकतो. महापालिकेचा मलनिःसारण विभाग डोळ्यांसमोर येतो. लूट झाली, तर लूट म्हणा.

मोडीवाचक : लूट एकदा होते. दादाभाई दरवर्षी बाहेर जाणाऱ्या पैशाबद्दल बोलत होते. 'शोषण' चालेल, शुष् म्हणजे वाळणे.

थॉमसनवाला : शोषणात पैसा गेला कुठे ते कळत नाही. निःसारणात निदान तो बाहेर गेला हे तरी कळतं.