अल्कधर्मी पाऊस: प्रदूषण की फुकटचं वरदान?

पऱ्हाटीवाला:
आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, सिमेंटचा कारखाना तीनेक किलोमीटरवर. परवा रात्री भुरभुर पाऊस आला, सकाळी वावरात गेलो तं पऱ्हाटीच्या (कापसाच्या) पानावर पांढरा थर, नखानं खरवडला की खपलीसारखा निघते अन् खाली पान पिवळं. पोराच्या फिशटँकची पीएच पट्टी होती घरी, ती पन्हाळीखाली ठेवलेल्या गंजात बुडवली (गंज म्हणजे आमच्याकडं भांडं, पुण्याच्या लोकांनी लोखंडाचा समजू नये) तं सामू (म्हणजे पीएच; ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कली) ८ च्या वर! आम्लपावसाचे धडे शाळेत झाले, या अल्कधर्मी पावसावर कोणी चकार शब्द काढत नाही. माझ्या मते हे सरळ प्रदूषण आहे अन् भरपाई मिळायला पाहिजे.

रसायनवाले काका:
पन्हाळी कशाची, स्लॅबची ना? मग तुम्ही पाऊस नाही, स्लॅब मोजलात. सिमेंटवरून वाहिलं की पाण्यात चुना उतरतो, सामू चढणारच. आणि पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की फिशटँकची पट्टी त्यात धड चालतही नाही. दुसरं म्हणजे स्वच्छ पाऊससुद्धा ७ चा नसतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ५.६ च्या आसपास येतो. आपल्याकडे उन्हाळाभर उडालेल्या मातीत कॅल्शियम कार्बोनेट असतं म्हणून पहिल्या सरी ६-७ च्या घरात जातात, नंतर हवा धुतली गेली की आकडा उतरतो. हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. उलट ही धूळ गंधकाचं आम्ल मारते, आभार माना!

मधली_आळी:
काका पट्टीचं पटलं, पण आभार कसले? हाच मुद्दा पुढे करून लोक म्हणतात वीजकेंद्रांना एफजीडी (धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा) कशाला, आपला कोळसा कमी गंधकाचा आणि वर धूळ आहेच. डिसेंबर २०१५ ला सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली, मुदती वाढवत वाढवत जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना एफजीडीतून सूटच दिली. पण आम्ल मेलं म्हणजे गंधक गेलं का? त्याचं सल्फेट होतं, त्यातलं अमोनियम सल्फेट म्हणजे बारीक कण, तेच फुफ्फुसात जातात. पाऊस ६.५ चा आला म्हणून हवा चांगली असं कोण म्हणतं?

रसायनवाले काका:
असं मी कुठे म्हटलं! एफजीडीच्या बाजूनेच आहे मी. माझं भांडण शब्दाशी आहे. "अल्कधर्मी पाऊस" म्हटलं की ढगातून कॉस्टिक सोडा पडतोय असं वाटतं.

संत्रा_नागपुरी:
शब्द काहीही ठेवा हो. काळ्या मातीचा सामू आधीच ८ च्या आसपास, त्यात चुना वाढला की लोह आणि जस्त झाडाला लागतच नाही, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं. आमच्या बागेत दरवर्षी फेरस सल्फेट आणि झिंकची फवारणी, खर्च कोण देतं? फक्त पऱ्हाटीवाल्या भाऊंचं मला वेगळं वाटतं, सिमेंटची धूळ आधीच पानावर बसलेली असणार, भुरभुरीनं ती भिजली आणि घट्ट झाली. धो धो आला असता तर धुऊन गेली असती. पावसाला कशाला शिव्या? ती धूळ ओली झाली की कडक अल्कली असते, पान जाळते आणि रंध्रं बुजवते ते वेगळंच. पुढच्या वेळी फवारणी पंपात साधं पाणी घेऊन पानं धुऊन बघा, थर वाळून घट्ट व्हायच्या आत.

पऱ्हाटीवाला:
सहा एकर पानं धुवायची काय भाऊ?? मजुराची रोजी माहीत आहे ना?

मधली_आळी:
धुणार ते का? चिमणीचे धूळ अडवणारे बॅग फिल्टर धड चालले, ट्रकवर ताडपत्री नीट बांधली आणि रस्त्यावर दिवसातून दोनदा पाणी मारलं तरी अर्ध्याहून जास्त थर बसणार नाही असं मला वाटतं.

रसायनवाले काका:
"वाटतं" वर भरपाई मिळत नाही. पऱ्हाटीवाले भाऊ, पुढच्या पावसाला प्लास्टिकचा टब धुऊन उघड्यावर स्टुलावर ठेवा, झाड-छत काही वर नको, पाऊस सुरू झाला की मगच झाकण काढा. एक टब कारखान्याकडे, एक लांबच्या पाहुण्यांच्या गावी, आणि पाणी लॅबला द्या. शिवाय पानावरची खपली वेगळ्या पुडीत, खरी केस तीच आहे.

पऱ्हाटीवाला:
टब ठेवतो. पण लॅबचे पैसे बी मीच भरायचे ना काका, कारखान्याची धूळ मोजायला?

संत्रा_नागपुरी:
हा हा, द्या आता उत्तर.