लिमासावा: सहा हजार लोकांच्या बेटावर म्युनिसिपॅलिटी कशी चालते?

महालकर:
नमस्कार. मी नागपुरात लोकप्रशासन विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. उष्ण कटिबंधातील एखाद्या लहान, ग्रामीण, बेटावरच्या नगरपालिकेचा परिचय लिहून आणा, असा स्वाध्याय आम्हाला मिळाला आहे. मी फिलिपिन्सच्या दक्षिण लेते प्रांतातील लिमासावा निवडले. क्षेत्रफळ सुमारे 7 चौरस किलोमीटर, लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास, उपजीविका मुख्यतः मासेमारी आणि नारळ. 31 मार्च 1521 रोजी, ईस्टरच्या रविवारी, दर्यावर्दी मॅगेलनच्या ताफ्याने त्या देशातील पहिली मिस्सा (ख्रिस्ती सामूहिक उपासना) याच बेटावर केली, हा इतिहासाचा भाग लिहून झाला आहे. गाडी अडली आहे ती कारभारापाशी. आपल्याकडे महाराष्ट्राच्या 1965 च्या नगरपरिषद-नगरपंचायत अधिनियमाप्रमाणे नगरपंचायत व्हायलासुद्धा किमान 10,000 लोकसंख्या लागते आणि बिगरशेती रोजगार 25 टक्क्यांहून कमी असून चालत नाही. या हिशेबाने लिमासावाच्या वाट्याला ग्रामपंचायतच आली असती. मग तिथे मेयर, उपमेयर आणि निवडून आलेले आठ सदस्य हा डोलारा कोणत्या निकषावर आणि कोणाच्या पैशावर उभा आहे?

धंतोलीकर:
तुमची निम्मी अडचण भाषांतराने निर्माण केलेली आहे. ‘नगरपालिका’ म्हटले की आपल्याला नगर दिसते. फिलिपिन्समध्ये म्युनिसिपॅलिटी म्हणजे शहर नव्हे. शेते, डोंगर, नारळाच्या बागा आणि वाड्या यांच्यासह देशाचा जवळपास सारा भूभाग कोणत्या ना कोणत्या सिटीत किंवा म्युनिसिपॅलिटीत मोडतो. त्यामुळे तुलना करायचीच असेल तर ती आपल्या तालुक्याशी, म्हणजे पंचायत समितीशी करावी, आणि तिच्या पोटातल्या ‘बरांगाय’ला ग्रामपंचायत समजावे. लिमासावात मागाल्यानेस, त्रियाना, काबुलिहान अशी एकूण सहा बरांगाये आहेत. प्रत्येकात एक प्रमुख आणि सात सदस्य निवडून येतात, म्हणजे केवळ या खालच्या पायरीवरच 48 कारभारी झाले. युवकांची मंडळे आणखी वेगळी. सहा हजार लोकांमागे हे प्रमाण मला तरी फार वाटते.

आता निकष. 1991 च्या स्थानिक शासन संहितेनुसार नव्या म्युनिसिपॅलिटीला 25 लाख पेसो वार्षिक उत्पन्न, 25,000 लोकसंख्या आणि 50 चौरस किलोमीटर क्षेत्र लागते. बेट असेल तर क्षेत्राची अट सुटते, लोकसंख्येची मात्र सुटत नाही. लिमासावा 1978 साली राष्ट्राध्यक्षांच्या फर्मानाने समोरच्या किनाऱ्यावरील पाद्रे बुर्गोस या म्युनिसिपॅलिटीतून वेगळे झाले आणि संहितेने आधीपासूनच्या म्युनिसिपॅलिट्या तशाच चालू ठेवल्या. आज अर्ज केला असता तर तो दारातूनच परत आला असता.

पैशाचा भाग मात्र नीट समजून घ्या, कारण परिचयाचा खरा गाभा तिथे आहे. राष्ट्रीय करांपैकी 40 टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे जाते आणि तिच्यातले 34 टक्के म्युनिसिपॅलिट्यांचे असतात. या 34 टक्क्यांची वाटणी करताना निम्मी रक्कम लोकसंख्येवर, पाव रक्कम क्षेत्रफळावर आणि उरलेली पाव रक्कम सर्वांना सारखी दिली जाते. पहिल्या दोन खात्यांत लिमासावाच्या हाती किरकोळ रक्कम पडते. पण तिसऱ्या खात्यात लाखभर वस्तीच्या म्युनिसिपॅलिटीला जेवढे मिळते, तेवढेच या बेटालाही मिळते. माझ्या मते कचेरीचे दिवे या तिसऱ्या खात्यावर जळतात. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडानास खटल्यात असा निकाल दिला की वाटा केवळ अंतर्गत महसुलावर न काढता सीमाशुल्कासह सर्व राष्ट्रीय करांवर काढावा. त्याची अंमलबजावणी 2022 पासून झाली. खर्चालाही लगाम आहे. खालच्या उत्पन्नवर्गातील संस्थांना आस्थापनेवर, म्हणजे पगार-भत्त्यांवर, मागील वर्षीच्या नियमित उत्पन्नाच्या 55 टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो आणि राष्ट्रीय वाट्यातील किमान 20 टक्के विकासकामांसाठी ठेवावे लागतात. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात उभी हयात गेल्यामुळे ही टक्केवारी मला कथेपेक्षा अधिक रंजक वाटते, हे मान्य करतो.

प्रतापनगरची डॉक्टर:
मी फिलिपिन्समध्ये वैद्यकीय शिक्षण घेत असताना सुट्टीत एकदा लिमासावाला गेले होते. वरचे सगळे बरोबर असेलच, पण त्यात होडी कुठे दिसली नाही. पाद्रे बुर्गोसच्या किनाऱ्यावरून पंपबोट सुटते: अरुंद लाकडी होडी, दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या आणि मागे फटफटणारे इंजिन. नागपूरच्या माणसाला समुद्राची सवय नसते, त्यामुळे मी फळीला घट्ट धरून बसले होते. परतीच्या फेरीत माझ्या पुढच्या फळीवर कचेरीतला एक कर्मचारी मांडीवर प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून रबराने बांधलेला फायलींचा गठ्ठा घेऊन बसला होता. हिशेबाचे कागद मासिनला, प्रांताच्या राजधानीत न्यायचे होते. उलांडीवर लाट फुटली की तो आधी गठ्ठा छातीशी घ्यायचा आणि मग तोंड पुसायचा. होडीवाल्याने तांदळाची पोती आणि सिमेंट एका बाजूला आहे हे पाहून आम्हा तिघांना उठवून दुसऱ्या बाजूला बसवले. तटरक्षकांनी समुद्र खवळल्याचे सांगितले की हे सगळे थांबते: तांदूळ, रुग्ण आणि फाइलसुद्धा.

दुसरे म्हणजे वादळ. 16 डिसेंबर 2021 रोजी ओडेट हे चक्रीवादळ ज्या ठिकाणी जमिनीवर आदळले, त्यांत पाद्रे बुर्गोसचे नाव आहे, आणि लिमासावा त्याच्या अगदी समोर आहे. बेटावरच्या घरांची मोठी पडझड झाली. आपत्ती निधी उत्पन्नाच्या किमान 5 टक्के असावा आणि त्यातील 30 टक्के तातडीच्या मदतीसाठी राखावेत, असा 2010 चा कायदा आहे. किमान दराने हिशेब केला तर तातडीसाठी एकूण उत्पन्नाचा जेमतेम दीड टक्का हाताशी राहतो. अख्खे गाव एका संध्याकाळी उघड्यावर आल्यावर तो कितीसा पुरणार?

धंतोलीकर:
डॉक्टरांच्या गणितात एक भर घालतो. त्या निधीतील न खर्चलेली रक्कम वर्षअखेरीस परत जात नाही; ती वेगळ्या विश्वस्त खात्यात जमा होते आणि पुढील पाच वर्षांत आपत्तीसाठी वापरता येते. तरीही एवढ्या वादळापुढे बाहेरची मदत अपरिहार्यच होती, हा त्यांचा मुद्दा कायम राहतो.

महालकर:
दोघांचेही आभार. होडीचा मुद्दा मी ‘दळणवळण’ या शीर्षकाखाली एका ओळीत संपवला होता, तो आता कारभाराच्या भागात आणतो. आणखी एक शंका: 7 चौरस किलोमीटर जमिनीवर या संस्थेचे स्वतःचे अधिकार असे कितीसे असणार?

धंतोलीकर:
जमिनीकडे पाहू नका, पाण्याकडे पाहा. 1998 च्या मत्स्यव्यवसाय संहितेनुसार किनाऱ्यापासून 15 किलोमीटरपर्यंतचे पाणी म्युनिसिपॅलिटीच्या अखत्यारीत येते. समोर दुसऱ्या म्युनिसिपॅलिटीचा किनारा 30 किलोमीटरच्या आत असेल तर मध्यरेषा धरून वाटणी होते. पाद्रे बुर्गोस जवळ असल्याने लिमासावाला त्या बाजूला पूर्ण 15 किलोमीटर मिळत नाहीत, तरीही त्याचा समुद्र त्याच्या जमिनीच्या कितीतरी पट भरतो. या पट्ट्यात तीन टनांपर्यंतच्या लहान होड्यांना प्राधान्य असते, परवाने मेयरच्या कचेरीतून मिळतात आणि चोरट्या मासेमारीवर ‘बांताय दागात’ नावाचे स्थानिक समुद्ररक्षक लक्ष ठेवतात. स्वाध्यायात नकाशा जोडणार असाल तर बेटाच्या किनाऱ्यावर रेघ मारून थांबू नका. हद्द पाण्यात काढा.

आणि पहिल्या मिस्सेबद्दल एक दुरुस्ती सुचवतो. हा मान मिंदानाओ बेटावरील बुतुआनचा आहे, असे मानणारा पक्ष तिथे जुना आहे. 1960 च्या कायद्याने लिमासावातील मागाल्यानेसला राष्ट्रीय स्मारकस्थळ ठरवले आणि 2020 मध्ये राष्ट्रीय इतिहास आयोगानेही लिमासावाच्याच बाजूने कौल दिला. तुमचे विधान ठेवा, मात्र हे दोन्ही संदर्भ त्याच वाक्यात घाला.