कर्टोलीला फुलं भरपूर, पण फळ एकही धरत नाही. काय करू?

गच्चीवाली, ठाणे:
नमस्कार मंडळी, गावी बांधावर एक जुना कर्टोलीचा वेल आहे त्याच्या बुडातले कंद आणून गच्चीत ड्रममध्ये लावलेत. पाऊस पडल्यावर मस्त फुटले, ग्रीलभर पसरलेत, पिवळी फुलंही रोज येतायत पण दुसऱ्या दिवशी देठासकट गळून खाली सडा. शेजारच्या कुंडीतलं कारलं मात्र धबाधब लागतंय. नर्सरीवाला म्हणाला पोटॅश द्या, दिलं. सासूबाई म्हणतायत वांझ वेल आहे, उपटून टाक. बाजारात कर्टोल्यांचे भाव बघता उपटायचा जीव होत नाहीये.

हिरवा_माणूस:
बोरॉनचा स्प्रे मारा, फूलगळ थांबेल.

रानभाजीवेडा:
बोरॉन राहू दे आधी फूल बघा!! वांझबिंझ काही नाही, वेल नर असणार. कारलं, दुधी, भोपळा यांच्यात नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं, पण दोन्ही एकाच वेलावर येतात. कर्टोलीत अख्खा वेलच एकतर नर नाहीतर मादी, पपईचं जसं असतं तसं. एक फूल तोडून पाकळ्यांच्या खाली बघा. तिथे बारीक काटेरी मणी दिसला, म्हणजे अगदी चिमुकलं कर्टोलंच, तर ती मादी, तो मणी म्हणजे अंडाशय. मणी नाही, नुसता देठ आणि फुलाच्या बुडाशी टोपीसारखं एक हिरवं पान, कळी असताना त्याच्यातच गुंडाळलेली असते, तर नर. नर फूल पराग देऊन गळणारच, ते काय खताने थांबत नाही.

गच्चीवाली, ठाणे:
आत्ता जाऊन बघितलं, सगळ्या फुलांना टोपी आहे, मणी एकालाही नाही 😭 पण सगळेच कंद नर कसे निघाले?

काटवल_यवतमाळ:
एकाच वेलाचे कंद आणले ना ताई, मग असंच होणार. कंदातून येतो तो त्याच वेलाचा पुढचा फुटवा, नराचा नर आणि मादीचा मादीच. बी लावलं तर साधारण अर्धे नर अर्धे मादी निघतात पण फूल आल्याशिवाय काही कळत नाही, आणि बी उगवायला पण लय त्रास देतं. आमच्याकडं काटवल म्हणतात, लागवड करणारे आठ-दहा मादी वेलांमागे एक नर ठेवतात. म्हणून तुमचा नर उपटू नका, मादी आणली तरी तो लागणारच आहे. फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा गच्चीत पतंग वगैरे आले तर ठीक नाहीतर हातानेच करायचं. ताजं नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या, मधले पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवायचे. बसलं तर मणी हिरवा राहून फुगायला लागतो, नाही बसलं तर पिवळा पडून गळतो.

मुलुंडकर:
मधेच विचारतो, तोंडलीत पण नर-मादी वेल वेगळे असतात असं ऐकलंय, मग आमच्याकडे एकच वेल आहे त्याला कशी काय लागतात?

रानभाजीवेडा:
बरोबर ऐकलंय. पण लागवडीची तोंडली म्हणजे फांदी कापून वाढवलेले मादी वेल, आणि त्यांना पराग न मिळताही फळ धरतं. कर्टोलीला ती सोय नाही. ताडाचंही बघा ना, ताडगोळे फक्त मादी झाडाला, नराला नुसते लांब तुरे. ताडी मात्र दोन्हींची निघते, पिणाऱ्यांना भेदभाव नाही :)

गच्चीवाली, ठाणे:
सासूबाईंना वाचून दाखवलं, ताडीवर जास्त हसल्या. मग मादी कंद आत्ताच मागवू का गावाहून?

काटवल_यवतमाळ:
आत्ता भर वाढीत खणू नका, वेल मरतो. थंडीत वेल वाळून जातो, कंद जमिनीत झोपलेला राहतो आणि उन्हाळा तसाच काढतो, तेव्हा काढा. पण वाळल्यावर नर कुठला मादी कुठली काही ओळखू येत नाही, म्हणून गावी फोन करून ज्या वेलाला आत्ता कर्टोली लागलीत त्याच्या बुडाशी खुंटी ठोकून चिंधी बांधून ठेवायला सांगा. दोरा वेलाला बांधू नका, वेलाबरोबर तोही जाईल.