विशारद झालं, आता मास्तरांनी आणखी काय शिकायचं?

पांढरी चार (धागाकर्ता)

गेली एकोणीस वर्षं तालुक्याच्या गावी गाण्याचा क्लास चालवतो. स्वतः संगीत विशारद परीक्षा पास. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना दर सत्रात वीस-बावीस मुलं बसवतो, निकालही बरा लागतो. तरी एक कबुली द्यायची आहे.

क्लासात मुली जास्त, म्हणून माझी पेटी कायम काळी चारला, म्हणजे उंच पट्टीत. एक तेरा वर्षांचा मुलगा होता, लहानपणापासून गोड गळा. एकदा भूपाचा तराणा म्हणताना तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, त्याचा आवाज चिरकला. मी म्हटलं, रियाज सोडलास. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, मुली फिस्सकन हसल्या. मी म्हटलं, "आवाज गेला रे तुझा, तबला घे." महिन्याभरात त्याचं येणं बंद झालं.

अलीकडे एका दोन दिवसांच्या शिबिरात घशाच्या डॉक्टरांनी पडद्यावर स्वरयंत्र दाखवलं. मुलगा वयात येताना ते वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. त्या दिवसांत पट्टी उतरवायची, पाच-सहा स्वरांत हलकं गाऊ द्यायचं, तार सप्तकाचं नाव काढायचं नाही. एवढंच होतं ते. मी खिडकीकडे बघत बसलो.

माझं म्हणणं असं: परीक्षेला मुलं बसवणाऱ्या प्रत्येक क्लासवाल्याने वर्षातून निदान तीन दिवस स्वतः शिकायला बसावं. आणि हे सक्तीचं असावं, कारण ऐच्छिक असतं तर मीही गेलो नसतो. त्या शिबिरालाही एका मित्राने ओढून नेलं होतं.

तंबोरा

सपशेल असहमत. अशी चार शिबिरं करून बसलोय. दीपप्रज्वलन, शाल-नारळ, प्रास्ताविकाचं प्रास्ताविक, मग जेवण. जेवणानंतर "आधुनिक युगात संगीत शिक्षण" या विषयावर स्लाइड, अर्धा हॉल पेंगतोय. चार वाजता प्रमाणपत्र, ग्रुप फोटो, एस.टी.

गाणं शिकवणाऱ्याचं प्रशिक्षण म्हणजे त्याचा रियाज. आणि मुलाचा आवाज फुटलाय हे कळायला डॉक्टर कशाला हवा? माझ्या गुरुजींनी मला वर्षभर मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, ठेवलं होतं. कारण सांगितलं नाही, पण ठेवलं.

पांढरी चार

तुमच्या गुरुजींना कळत होतं, मान्य. मी माझ्या बाईंकडे गेलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, आवाज बसलेला. वयात येणारा मुलगा त्यांनी कसा सांभाळला असता ते मी पाहिलंच नाही. गुरूने जे दाखवलं नाही ते शिष्याने कुठून आणायचं?

ठेका चुकला

तंबोराशेठ, परंपरेचा दाखला देताय म्हणून सांगतो. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिथे पुढे शिकवणारे घडवण्यासाठी वेगळा उपदेशक वर्ग चालवला. संगीतशास्त्री भातखंड्यांचंही तेच. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झालं, त्याआधी तिथले गवई मुंबईला येऊन त्यांच्याकडून स्वरलिपी आणि वर्गात शिकवायची पद्धत शिकून गेले. राजाभैया पूछवाले त्यांत होते, आणि तेव्हा ते काही नवशिके नव्हते. पस्तिशीचा तयार गवई पुन्हा पाटी घेऊन बसला. मुंबईत गाण्याची शाळा चालवणाऱ्या देवधर मास्तरांनी तर आवाजशास्त्राचा मुद्दाम अभ्यास केला, आणि कुमार गंधर्व त्यांच्याच शाळेत घडले.

तंबोरा

वा, माझंच काम सोपं केलंत. उपदेशक वर्ग किती वर्षांचा होता? नऊ. गुरूच्या घरी राहून, लिहून दिलेल्या कराराने. तुम्ही त्या नऊ वर्षांची तुलना वर्षातल्या तीन दिवसांशी करताय. तीन दिवसांत माणूस हॉटेलचा पत्ता शिकतो.

अर्धवेळ मास्तर

इथे सगळे क्लासवाले दिसतात. मी शाळेतला. शिक्षण हक्क कायद्यात, सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, अशी तरतूद आहे. तो निदेशक म्हणजे मी. मानधन तासांवर, सुट्टीचे पैसे नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाचे लिहिलेत. माझ्या वाट्याला आलेली प्रशिक्षणं: एक ऑनलाइन हजेरीचं, एक आपत्ती व्यवस्थापनाचं. आग लागली तर पेटी आधी उचलायची की मुलं, एवढं मला आता पक्कं माहीत आहे.

साठ मुलांच्या वर्गात एकच पेटी, तीही भात्यातून हवा सोडणारी. अशा वर्गाकडून दोन ओळींचं गाणं सुरात कसं म्हणून घ्यायचं, हे दाखवणारा कुणी भेटला तर मी पदरमोड करून जाईन. सक्ती मात्र करू नका. सक्ती झाली की तिची फी येते, आणि ती निदेशकाच्याच खिशातून जाते.

मधला गंधार

मी पेटीवर शिकवते. पंचेचाळिसाव्या वर्षी मला कुणीतरी सांगितलं की आपल्या पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो. सेंटमध्ये (स्वरांमधलं अंतर मोजायचं एकक) मोजला तर पेटीचा ४०० आणि तंबोऱ्यातला ३८६. म्हणजे मी भूप शिकवत होते आणि मुलींचा गंधार स्वतःच्या हाताने चढवत होते. आता आलाप घेताना पेटीवर फक्त सा आणि प धरते. पहिल्या आठवड्यात मुली गोंधळल्या. एकीची आई विचारायला आली, मॅडम, पेटी बिघडली का?

मी धागाकर्त्याच्या बाजूने. पण तंबोरांचंही खरं आहे, हे मला शिबिरात कळलं नाही, चहाच्या टपरीवर कळलं.

तंबोरा

घ्या! मी पहिल्यापासून तेच म्हणतोय. तंबोरा लावून बसा, तो रोज शिकवतो. फुकट.

मधला गंधार

तंबोरा माझ्याकडे वीस वर्षं होता हो. कोपऱ्यात, गवसणी घालून.

बे एरियातून

दोन पैसे माझेही. इथे मराठी घरांतली मुलं शिकवतो. देवनागरी वाचता येत नाही, बंदिशीतली "पिहरवा" म्हणजे कोण ते ठाऊक नाही. इथल्या शाळांत संगीत शिक्षक कोडाय पद्धतीने प्रत्येक स्वराला हाताची एक खूण करतात. तीही पद्धत चल षड्जाचीच, म्हणजे सा कुठल्याही पट्टीत धरायची, म्हणून मी सा रे ग म ला तशाच खुणा जोडल्या. सहा वर्षांची मुलं पलट्यात, म्हणजे स्वर उलटसुलट म्हणायच्या सरावात, चुकेनाशी झाली. गुरुजींना व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, "हे गाणं आहे की कवायत?" उत्तर अजून सुचलेलं नाही.

ठेका चुकला

आमच्याकडे चार क्लासवाले मिळून एक करतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी एकाच्या क्लासात बाकीचे तिघं मागे बसतात. तो शिकवतो, आम्ही तोंड बंद ठेवतो, मग वडापाव खाताना सांगतो. पहिल्यांदा माझी पाळी होती. कळलं की मी पाऊण तासात मुलांना नऊ मिनिटं गाऊ दिलं, उरलेला वेळ मीच गात होतो. एकाने मोबाइलवर वेळ लावली होती, नालायक.

तंबोरा

हे बरंय. याला शिबिर म्हणू नका म्हणजे झालं. कुठल्या गावी? जवळ असेल तर येतो, पण शिकवणार नाही, ऐकेन.

आणि धागाकर्ते, त्या मुलाचं पुढे काय झालं ते लिहिलंच नाहीत.

पांढरी चार

शिबिराहून आल्यावर त्याच्या घरी गेलो होतो. आता एकवीस वर्षांचा आहे. बोलण्याचा आवाज भरदार, काळी एकची खालची पट्टी सहज लागेल असा. मी माफी मागितली, तर आईच अवघडली आणि तिने पोहे टाकले. म्हटलं, रविवारी ये, पट्टी तू सांगशील ती. "बघतो सर" म्हणाला.

दोन रविवार झाले. पेटी काळी एकला लावून ठेवतो.