बचाव पथकांना ‘चॅप्लेन’ हवा का?

औसेकर गुरुजी (धागाकर्ता):
अमेरिकेतील अनेक अग्निशमन दलांत चॅप्लेन असतो. तो बहुधा धर्मगुरू असला तरी त्याचे काम प्रवचन देणे नव्हे. जवानांबरोबर घटनास्थळी जाणे, मृताच्या घरी वार्ता कळवताना सोबत असणे आणि नंतर जवानाचे निमूटपणे ऐकून घेणे, हे त्याचे काम. न्यूयॉर्क दलाचे चॅप्लेन मायकल जज 11 सप्टेंबर 2001 रोजी जवानांसमवेत असतानाच मृत्युमुखी पडले. आपल्याकडे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले, तेव्हा सैनिक, पोलीस आणि शेजारच्या गावांतील पोरे प्रेते उपसत होती. पावसात सामूहिक चिता पेटवाव्या लागल्या. गावे पुन्हा वसवली गेली, पण ज्यांनी प्रेते उपसली त्यांची विचारपूस आपण फारशी केली नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या आपत्ती पथकाला असा माणूस जोडावा, असे माझे मत आहे.

लातूरची वकील:
गुरुजी, तळमळ मान्य, मार्ग अमान्य. संविधानाचा अनुच्छेद 27 एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर द्यायची सक्ती करू देत नाही. प्रवचन नाही असे कागदावर कितीही लिहिले, तरी नेमणूक कोणत्या महाराजांची होईल आणि शिफारस कोणाची असेल, हे आपण दोघेही जाणतो. दिवसरात्र चालणारी, फोनवरून मानसिक आधार देणारी सरकारी ‘टेलिमानस’ सेवा 14416 या क्रमांकावर मराठीत उपलब्ध आहे. ती जवानांपर्यंत पोहोचवा.

परंडेकर:
वकीलताई, सप्टेंबर 2025 च्या पुरात आमच्या तालुक्यात माणसांना हेलिकॉप्टरने उचलून आणावे लागले. चिखलातून परतलेला जवान आपण होऊन फोन फिरवील, ही अपेक्षाच मला भाबडी वाटते. शिवाय सरकारी पगारावर धर्माचा माणूस नकोच म्हणावे, तर भारतीय लष्करात पंडित, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री हे धर्मशिक्षक म्हणून नेमलेलेच आहेत.

बीडचा विवेकवादी:
लष्करात आहे म्हणून नागरी सेवेत हवे, हा युक्तिवाद मला पटत नाही. मुलगा वाहून गेलेल्या आईला ‘पूर्वजन्मीचे भोग’ ऐकवणारे सांत्वनकर्ते आपल्या गावोगावी आहेत, आणि त्यांच्या हाती सरकारी ओळखपत्र देणे म्हणजे त्या दुखण्यावर शिक्का मारणे होय. प्रशिक्षित समुपदेशक नेमा, त्याचा धर्म विचारू नका.

निवृत्त जमादार, जालना:
आपण सर्वजण गणवेशातल्या माणसाविषयीच बोलत आहात. विहिरीत प्रेत आढळले की आम्ही गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्याला बोलावत असू. तो कमरेला दोर बांधून उतरायचा आणि फुगलेले प्रेत बाजेला बांधून वर द्यायचा. बहुतेकदा प्रेत ओळखीच्याचेच असायचे, कधी कर्जाने खचलेल्या शेतकऱ्याचे, कधी नांदायला आलेल्या पोरीचे. पंचनामा उरकला की आम्ही जीपमध्ये बसायचो आणि तो ओल्या अंगाने घरी जायचा; पुढचे काही दिवस त्याला अन्न जात नसे, हे आम्हाला त्याच्या भावाकडून कळे. त्याला समुपदेशक कोण पाठवणार? माझ्या माहितीतल्या एकाला गावच्या सप्ताहातल्या विणेकरी बुवांनी महिनाभर संध्याकाळी हरिपाठाला शेजारी बसवून घेतले होते. त्यांनी त्याला उपदेश केल्याचे मी ऐकले नाही.

लातूरची वकील:
जमादारसाहेब, बुवांना कोणी नेमले नव्हते, म्हणूनच ते जमले असावे. मात्र पोहणाऱ्याचा मुद्दा खोडता येणार नाही. पंचनाम्यात नाव असलेल्या प्रत्येक मदतकर्त्याची आठवडाभरात घरी जाऊन विचारपूस व्हावी, हे काम आशाताईंवर आणखी एक ओझे न टाकता कोणाकडे द्यायचे, ते आधी ठरवा.

औसेकर गुरुजी:
ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे द्यावे. 2005 च्या कायद्याने ते प्रत्येक जिल्ह्यासाठी आहेच. धर्माची अट मी सोडतो, सोबतीची सोडत नाही. आणि एक अट नव्याने घालतो: या माणसाने वरिष्ठांना काहीही कळवू नये. जवानाने रात्री बोललेले वर्षअखेरीस गोपनीय अहवालात उतरले, तर दुसरा जवान त्याच्याजवळ फिरकणारही नाही.

बीडचा विवेकवादी:
ही अट मान्य. पण जवान स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याच्या बेतात असेल, तर? तेव्हाही गप्प बसणार का?